पुरेसा उजेड



साहित्याच्या व्यासपीठावर विजेच्या दिव्यांविषयी व्याख्यान ठेवले, याचे काहींना नवल वाटले असेल. म्हणून सुरुवात एका शब्दापासूनच करतो. हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे: ‘झिरोचा बल्ब’. देवघरात, जिन्यात, झोपण्याच्या खोलीत रात्रभर जळणारा तो छोटासा लाल किंवा हिरवा दिवा. नाव झिरो, म्हणजे शून्य. पण जुन्या तारेच्या त्या बल्बला वीज लागते बारा ते पंधरा वॅट. जुन्या चकतीच्या मीटरला इतका थोडा भार जाणवत नसे, चकती हलत नसे, म्हणून त्याला झिरो म्हणू लागले, असे सांगतात. मीटरला दिसत नाही ते खर्चच होत नाही, असा समज त्या एका शब्दात घट्ट बसला.

आता हिशेब करू. पंधरा वॅटचा हा दिवा देवघरात अहोरात्र ठेवला, तर दिवसाला ३६० वॅट-तास. वर्षाला १३१ युनिट. चांगल्या ताऱ्यांच्या छोट्या फ्रिजला वर्षभरात जवळपास एवढीच वीज पुरते. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, तर वर्षाला साडेचार युनिटही लागत नाहीत. देवापुढचा उजेड तोच, भक्तिभाव तोच. फरक फक्त शब्दाने झाकलेल्या हिशेबाचा.

मला आज एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. आपण दिवे मोजतो, वॅट मोजतो, बिलाचे रुपये मोजतो. उजेड मात्र मोजत नाही. तो कुठे हवा, किती हवा आणि केव्हा नको, हे विचारायची सवय आपल्या आजी-पणजीला होती. ती सवय गेली, आणि नवा दिवा कितीही काटकसरी असला तरी सवय नसेल तर तो बचत करीत नाही.

ही सवय टंचाईतून आली होती. आपल्या भाषेत दिवेलागण ही एक वेळ आहे. सूर्य मावळला, की तेलवात करायची, देवापुढे निरांजन, मग माजघरात एक चिमणी आणि ओसरीवर एक कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील तेव्हा घरोघरी होता. कंदील एक, माणसे सात-आठ. म्हणून मुले अभ्यासाला कंदिलाभोवती बसत आणि बाई स्वयंपाकघरात जाताना चिमणी बरोबर नेत असे. उजेड माणसाबरोबर फिरत होता. उजेड वाया जाणे म्हणजे रॉकेल जाणे, हे डोळ्यांना दिसत होते. दिवा ‘विझवला’ असेही कोणी म्हणत नसे. दिवा मालवायचा, दिवा शांत करायचा. ज्या वस्तूसाठी भाषा इतकी जपून वापरली जाते, ती वस्तूही माणसे जपून वापरतात.

यंत्रशक्तीची ओळख मात्र या भागाला लवकर झाली. आपल्या जिल्ह्यातल्या गोकाकला घटप्रभा नदी ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७० फूट खाली कोसळते. तिथल्या गिरणीने १८८७ पासून त्या पाण्याची शक्ती कामाला लावली. दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंगचे जलविद्युत केंद्र १८९७ चे, कावेरीवरचे शिवनसमुद्र १९०२ चे, टाटांचे खोपोली १९१५ चे. म्हणजे पडत्या पाण्यातून काम करून घेण्याच्या देशाच्या इतिहासात आपल्या घटप्रभेचे नाव फार वर येते. पण धबधब्यापासून घरातल्या दिव्यापर्यंतचा रस्ता लांब होता. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांना पुढे कर्नाटक सरकारच्या ‘भाग्यज्योती’सारख्या योजनांतून एका दिव्याची जोडणी मिळाली. एका दिव्याची! त्या घरांनी तो एक दिवा बरोबर अशा जागी टांगला, की चूलही दिसावी आणि दारही. उजेडाचे नियोजन म्हणजे काय, हे शिकायला त्यांना कोणा तज्ज्ञाकडे जावे लागले नाही.

मग बल्ब स्वस्त झाले, पाठोपाठ ट्यूबलाइट आली. आपण खोलीच्या मधोमध, छताला, एक मोठा उजेड लावू लागलो. आपल्याकडे ‘करंट गेला’ म्हणतात. तो येतो कुठून, हे विचारायचे मागे पडले.

आता दिव्याच्या पोटात काय चालते ते थोडक्यात पाहू. जुना साठ वॅटचा बल्ब म्हणजे तापून पांढरी पडलेली तार. त्याला दिलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. तो बल्ब खरे तर एक छोटी शेगडी आहे आणि सोबत थोडा उजेड देते. ट्यूबलाइट त्याहून पुष्कळ चांगली, पण जुनी चाळीस वॅटची ट्यूब चाळीसवर थांबत नाही. तिचा तांब्याचा जड चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो, म्हणजे मीटरवर पन्नासच्या वर. एलईडीत तार तापवायची नसते. अर्धवाहक स्फटिकातून वीज गेली, की तोच प्रकाश देतो. लाल आणि हिरवे एलईडी जुनेच होते. निळा मात्र हाती लागत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड करता येत नव्हता. तो निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बाएवढा किंवा त्याहून थोडा जास्त उजेड देतो.

आपल्या देशात हा दिवा घरोघरी पोचला तो ‘उजाला’ योजनेतून. ती ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. कर्नाटकात तिचे नाव ‘होस बेळकु’, म्हणजे नवा उजेड. सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ च्या सप्टेंबरात ३८ रुपयांवर आला. लाखो बल्ब एकदम मागवल्याने हे झाले. या योजनेतून देशभरात छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. सीमेच्या अलीकडे ‘बेळकु’ आणि पलीकडे ‘उजेड’, दिवा एकच.

एका मध्यम घराचा हिशेब मांडतो. तुम्ही घरी जाऊन तो आपल्या आकड्यांनी पडताळून पाहा. चार जुन्या ट्यूब रोज पाच तास, चार साठ वॅटचे बल्ब रोज तीन तास आणि एक झिरोचा बल्ब अहोरात्र. महिन्याला साधारण चौसष्ट युनिट. त्याच जागी वीस वॅटच्या एलईडी ट्यूब, नऊ वॅटचे बल्ब आणि अर्ध्या वॅटचा छोटा दिवा लावला, तर महिन्याला सोळा युनिटांच्या आत. महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट वाचले, वर्षाला पावणेसहाशे. आपल्या देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका घराने केवळ दिवे बदलून वर्षाला चारशे किलो वायू रोखला. त्यासाठी घरातले काहीही अंधारात राहिले नाही.

इथे कोणीतरी मनात म्हणेल, ‘आमचे बिल तर शून्य येते.’ हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण तो आपल्या भागाचा आजचा खरा प्रश्न आहे. २०२३ पासून कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजना आहे. महिन्याला दोनशे युनिटांपर्यंतची वीज घरगुती ग्राहकाला मोफत. त्यातही प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरात थोडी भर घालून ठरवली आहे. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलो, की महावितरणचे बिल पैसे मागते. अलीकडे हेस्कॉमचे बिल शून्य दाखवते. गरीब घराला या योजनेने मोठा दिलासा दिला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शून्य बिलाने एक गोष्ट केली. झिरोच्या बल्बाने जे शब्दाने केले, तेच शून्य बिलाने आकड्याने केले. मीटर फिरतो आहे, पण आपल्याला तो दिसेनासा झाला.

आपले बिल कन्नडमध्ये येते. अनेक मराठी घरांत ते न वाचताच खिळ्याला अडकवले जाते. पण आकडे सगळ्यांना वाचता येतात. रुपयांचा रकाना शून्य असला, तरी युनिटांचा रकाना कधीच शून्य नसतो. माझी विनंती एवढीच, की तो आकडा दर महिन्याला पाहावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्याचा एक व्यवहारी लाभही आहे. वापर मर्यादेच्या वर गेला, तर जादा युनिटांचे पैसे पडतात. दोनशेच्या वर गेला, तर पूर्ण बिल भरावे लागते. उन्हाळ्यात पंखा आणि कूलर वाढतात, तेव्हा दिव्यांनी वाचवलेले ते अठ्ठेचाळीस युनिट तुम्हाला मर्यादेच्या आत ठेवतात.

पैसे न देता येणारी वीज कोणीतरी, कुठेतरी भोगून करीत असतो. आपल्या राज्याच्या जाळ्यात रायचूरचे १,७२० मेगावॅटचे आणि बळ्ळारीचे १,७०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोळशावर एक युनिट वीज करायला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि राख मागे उरते. शरावती आणि काळी नदीवरची जलविद्युत केंद्रे आहेत, कैगा आहे. काळीच्या सुपा धरणाखाली गेलेले रान आणि गावे इथून फार दूर नाहीत. सौंदत्तीच्या बाजूला पवनचक्क्या फिरताना तुम्ही पाहिल्याच असतील, आणि पावगडला मोठे सौरक्षेत्र आहे. मग सौर असताना चिंता कशाची, असे वाटेल. पण दिवे आपण लावतो दिवेलागणीला, म्हणजे नेमके सूर्य गेल्यावर. घरोघरचे दिवे, टीव्ही, मिक्सर सगळे एकदम सुरू होतात, घरांची मागणी संध्याकाळी वाढते आणि तेव्हा भार उचलतात पाणी आणि कोळसा. म्हणून दिव्यात वाचवलेले युनिट दुपारी वाचवलेल्या युनिटापेक्षा मोलाचे. शिवाय तारांतून येताना वाटेत वीज गळते. घरी एक वाचले, तर तिकडे एकाहून थोडे जास्तच वाचते.

आता घराकडून कामाकडे वळतो. आपल्या भागात घर आणि काम यांच्यात पुष्कळदा भिंतच नसते. निपाणी म्हटले की तंबाखू. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टांवर ते गाव उभे आहे. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. दिवसभर घरचे काम करून उरलेला हजार पुरा करायचा तो दिव्याखाली. तिथे दिवा कुठे असतो? छताच्या मधोमध. ती बसते भिंतीला टेकून, आणि तिच्या डोक्याची सावली तिच्याच सुपात पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण दुसऱ्यांच्या दोषांसाठी वापरतो. इथे ती शब्दशः खरी आहे.

या बाईला आणखी वॅटची गरज नाही. प्रकाशाचा साधा नियम असा, की दिवा निम्म्या अंतरावर आणला, की त्याच जागी उजेड चौपट होतो. आठ फुटांवरच्या नऊ वॅटच्या दिव्यापेक्षा चार फुटांवर, किंचित डाव्या बाजूला, टोपीच्या आत लावलेला पाच वॅटचा दिवा सुपात दुपटीहून जास्त उजेड पाडतो. वीज जवळपास निम्मी, आणि डोळ्यांना आराम. एक लांब वायर, एक होल्डर, पत्र्याची किंवा जाड कागदाची टोपी, इतकेच साहित्य. ज्यांच्या डोळ्यांवर एका घराची मीठ-भाकरी आहे, त्यांच्यासाठी काटकसर आणि सोय एकाच वायरीने येतात. शिवणकाम करणारी, फुले ओवणारी, कोल्हापुरी चपलेला वेणी शिवणारी माणसे आपल्या दोन्ही बाजूंच्या गावांत आहेत. त्या सगळ्यांना हाच नियम लागू.

शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांचे तेच. माग घरातच, ओळीने. धोटा ये-जा करतो आणि तुटलेला धागा वेळेवर दिसला नाही, तर साडीत दोष राहतो. तिथे दिवा मागाच्या लांबीला समांतर आणि कापडाच्या जवळ हवा. शिवाय रंग खरा दिसायला हवा. स्वस्त एलईडीत लाल आणि मरून यांतला फरक पुसतो. बल्बाच्या खोक्यावर रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे ‘सीआरआय’ लिहिलेला असतो. तो ऐंशीच्या खाली नसावा, नव्वद असेल तर उत्तमच. तंबाखूच्या पानाची प्रत रंगावरून ठरवणाऱ्यालाही हे लागू.

उद्यमबागेतल्या कारखानदारांना एक धोका सांगतो. चांगला ड्रायव्हर नसलेले दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण अशा दिव्याखाली फिरते चाक काही वेगांना थांबलेले भासू शकते. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हात तिथे गेला तर काय होईल, हे मी सांगायला नको. दिवा तपासायची सोपी रीत आहे. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा यंत्रावर लावू नका. दहा रुपये वाचवण्यासाठी बोट गमावणे ही काटकसर नव्हे.

दिवा घेताना काय पाहावे? वॅट हा खर्च आहे, लुमेन हा उजेड. आपण दुकानात जाऊन ‘नऊ वॅटचा द्या’ म्हणतो, म्हणजे किती खर्च करायचा एवढेच सांगतो. ‘आठशे-नऊशे लुमेनचा द्या’ असे मागावे, आणि त्यातला कमी वॅटचा घ्यावा. एका वॅटला शंभर लुमेन मिळाले, की तो दिवा बरा समजावा. खोक्यावरचे तारे पाहावेत. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत पिवळसर, म्हणजे २,७०० ते ३,००० केल्विनचा उजेड. अभ्यासाच्या आणि कामाच्या मेजावर थोडा पांढरा. जिन्यात आणि बोळात शंभर लक्स पुरतात, वाचायला तीनशे, बारीक शिवणाला पाचशेच्या वर. सगळ्या घराला सगळीकडे पाचशे लक्स लावणे म्हणजे सगळ्या जेवणात सगळीकडे मीठ घालणे.

आणि दिवसा? आपल्या जुन्या घरांना मधे चौक होता, भिंतीत झरोका होता, कौलांमध्ये एक काचेचे कौल होते. त्या एका काचेच्या कौलाने दिवसभर माजघर उजळत असे, आणि त्याला बिल नव्हते. आता शेजारी बंगला उभा राहिला, चौकावर स्लॅब पडली आणि दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात ट्यूब लागते. जमेल तिथे काचेचे कौल किंवा पारदर्शक पत्रा पुन्हा बसवावा. भिंती पांढऱ्या ठेवाव्यात. पांढरी चुन्याची भिंत पडलेल्या उजेडाचा बहुतेक भाग परत देते. गडद रंगाची भिंत तो गिळून टाकते. दिवाळीला घर चुन्याने रंगवायची जुनी रीत ही उजेडाची पेरणीच होती. आपल्या वाचनालयांत, शाळांत, मंडळाच्या खोल्यांत खिडकीजवळच्या ओळीचे बटण वेगळे ठेवावे, म्हणजे दिवसा ती ओळ बंद ठेवता येते. आज सगळ्या खोलीला एकच बटण असते. एक वाचक आला, की बारा ट्यूब लागतात.

आता सगळ्यात कठीण भागाकडे येतो. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर एक ग्रंथ लिहिला. त्याला दिसले, की वाफेची यंत्रे काटकसरी झाली तरी देशाचा कोळशाचा वापर घटला नाही, उलट वाढला. स्वस्त पडू लागले म्हणून लोक जास्त वापरू लागले. आपण आज एलईडीचे नेमके तेच करतो आहोत. साठ वॅटचा एक बल्ब होता, त्या जागी नऊ वॅटचा एक आला, हे ठीक. पण पाठोपाठ छताच्या कडेने पट्ट्या आल्या, फाटकावर चार दिवे आले, गच्चीवर रंगीत माळा बारा महिने राहिल्या, दुकानांच्या पाट्या पहाटेपर्यंत जळू लागल्या. दिवा काटकसरी झाला आणि आपण उधळे झालो. दिवाळीच्या चार रात्री दिव्यांच्या असाव्यात, जरूर असाव्यात. पण रोज दिवाळी असली, तर दिवाळी कशी ओळखायची?

हे केवळ युनिटांचे नाही. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूर तालुक्यात, भीमगडचे अभयारण्य आहे. २०११ मध्ये ते जाहीर झाले. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडले आहे, आणि आपली ही गुहा त्यांतले मोठे नाव. अशी वटवाघळे रात्रीचे किडे खातात. पांढऱ्या-निळसर प्रखर दिव्याभोवती किडे जमतात, फिरून फिरून मरतात आणि रानातला अन्नाचा हिशेब बिघडतो. पावसाच्या तोंडावर घाटातल्या झाडांवर काजवे लुकलुकतात. नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकण्यानेच शोधतात. शेजारी रिसॉर्टचा झोत लागला, की ती भाषा पुसली जाते. आपण भाषेची माणसे आहोत. आपली भाषा दुसऱ्याच्या गोंगाटात ऐकू न येणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. काजव्याची व्यथा आपल्याला कळायला हवी.

म्हणून बाहेरचा दिवा लावताना तीन गोष्टी पाहाव्यात: तोंड खाली असावे, रंग पिवळसर असावा आणि रात्री अकरानंतर तो बंद व्हावा. चोराची भीती असेल, तर माणूस आला की लागणारा दिवा मिळतो. 

जुन्या दिव्यांचे काय करायचे, हेही सांगायला हवे. ट्यूब आणि सीएफएल यांत थोडा पारा असतो. भंगारवाल्याकडे फोडलेली ट्यूब दिली, की तो पारा हवेत, मातीत, पाण्यात जातो. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराने २०२७ च्या अखेरीस अशा ट्यूबचे उत्पादन थांबवायचे ठरवले आहे, आणि भारत त्या करारात आहे. चालू असलेली चांगली ट्यूब आजच काढून फेकू नका. गेली, की एलईडी घ्या. गेलेली ट्यूब न फोडता मूळ खोक्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आपले मंडळ वर्षातून एक दिवस असा गोळा करण्याचा ठेवू शकेल. एलईडी बल्बही गेला म्हणजे संपला असे नाही. पुष्कळदा आतला एकच कण जळलेला असतो, आणि गल्लीतला दुरुस्तीवाला तो वीस-तीस रुपयांत बदलून देतो. दुरुस्त करणे ही आपल्या बाजारपेठेची जुनी विद्या आहे. तिला गिऱ्हाईक मिळाले, तरच ती टिकेल.

शेवटी एक सूचना करतो. आषाढ अमावास्येला आपल्याकडे दिव्याची आवस असते. समया, निरांजने, लामणदिवे बाहेर काढून घासायचे, पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे करायचे. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे त्याच दिवशी भीमन अमावास्या असते, आणि तिथेही दिव्यांचीच पूजा होते. दोन भाषा, एक तिथी, एकच पूजेची वस्तू. त्या दिवशी पितळेच्या दिव्यांबरोबर विजेच्या दिव्यांनाही हात लावावा. बटण बंद करून बल्ब आणि ट्यूब पुसाव्यात. धुळीने उजेड कितीतरी घटतो आणि आपण त्याला बल्बाचे म्हातारपण समजतो. मग घरातल्या मुलांना वही द्यावी. कोणत्या खोलीत किती दिवे, किती वॅटचे, रोज किती तास. आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न: हा उजेड कोणासाठी आहे? उत्तर मिळाले नाही, तर तो दिवा काढावा. विडी वळणाऱ्या आजीला पुरत नसेल, तर तिथे दिवा खाली आणावा. पुढच्या आवसेला तीच वही पुन्हा उघडावी आणि युनिटांचे बारा आकडे शेजारी लिहावेत.

आपल्या पूर्वजांनी उजेड कमी असताना तो सगळ्यांना पुरवला. आपल्याला तो भरपूर मिळाला आहे. आता पुरेसा म्हणजे किती, एवढे ठरवायचे आहे. ते सरकार ठरवणार नाही आणि बिलही ठरवणार नाही. आज रात्री घरी गेल्यावर निजण्यापूर्वी एकदा घरभर फिरा आणि ज्या दिव्याखाली कोणी नाही तो मालवा.